सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला?

कबड्डीत चढाईपटू परतीसाठी वळतो, कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. पाऊल जागीच अडकतं आणि शरीर मात्र मध्यरेषेकडे फिरतं. तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ‘कट्’ असा आवाज होतो, काही तासांत गुडघा सुजतो. मैदानावर याला ‘लचकला’ म्हणतात. एक्स-रेत हाडं शाबूत दिसतात, काही आठवड्यांत सूज उतरते, मुलगा नीट चालू लागतो आणि पुढच्या स्पर्धेत उतरतो. फसगत होते ती इथेच. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारा एसीएल हा अस्थिबंध तुटलेला असू शकतो. तो एक्स-रेत दिसत नाही आणि सरळ चालायला फारसा लागतही नाही. लागतो तो वळताना. बंध नसलेला गुडघा वळताना निसटतो आणि अशा निसटण्यातच आतली कूर्चेची गादी फाटते. म्हणून दुखापत किती गंभीर आहे, हे वेदनेवरून ठरवू नये; सांधा किती स्थिर आहे, यावरून ठरवावं.

पूर्वीचे खेळाडू तेल चोळूनच बरे व्हायचे, असं कुणी म्हणेल. जे बरे झाले ते खेळत राहिले, म्हणून लक्षात राहिले. ज्यांचा गुडघा निसटताच राहिला, त्यांची मोजदाद कुणी ठेवली? खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. एमआरआय आणि शस्त्रक्रिया गावच्या संघातल्या मुलाला झेपत नाहीत. पण गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची तपासणी अनुभवी डॉक्टर नुसत्या हातांनी करतात. शस्त्रक्रियाही सर्वांनाच लागते असं नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, या गटातल्या सुमारे निम्म्या जणांना पाच वर्षांनंतरही ती करावी लागली नव्हती. अर्थात त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. पुन्हा चढाया करायच्या असतील तर बहुधा शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो. आणि ती केली तरी घाई महागात पडते. नॉर्वेतल्या 2016 च्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके महिने लांबलं, तितक्यांदा पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलं. तेव्हा प्रशिक्षकांनी मुलाला मॅटवर सोडण्याआधी ‘दुखतंय का?’ एवढंच विचारून थांबू नये. एकेका पायावर उड्या मारायला लावाव्यात, आणि दुखऱ्या पायाची झेप चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरेपर्यंत त्याला संघाबाहेर ठेवावं.