पटावर राणी आली कुठून?

दिवाळीच्या पाडव्याला दुपारचे जेवण उरकले की आमच्या घरी बुद्धिबळाचा पट निघतो. चकल्यांचा डबा मधे, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला आमची तेरा वर्षांची नात आणि भोवती फुकटचे सल्ले देणारी बाकीची मंडळी, असा तो वार्षिक सामना असतो. गेल्या दिवाळीत मात्र पहिले प्यादे हलण्यापूर्वीच भांडण जुंपले. हे म्हणाले, "हा माझा वजीर." नात म्हणाली, "वजीर नाही आजोबा, क्वीन आहे ती." त्यावर हे डोळे मिचकावून म्हणाले, "आमच्या पटावर बायकांना जागा नसते!"

सगळे हसले. मीही हसले. नात हसली नाही.

ती का हसली नाही हे मला ठाऊक होते. दोनच दिवसांपूर्वी तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या धाकट्या मुलाने, सुट्टीनंतरच्या नागपूरच्या स्पर्धेला तिला पाठवायचे नाही असे ठरवले होते. "इतक्या लांब मुलीला कुणाबरोबर पाठवायचं?" एवढेच कारण. तिचा चुलतभाऊ उन्हाळ्यात क्रिकेटच्या शिबिरासाठी बंगळूरला जाऊन आला, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. कोणी रागावले नव्हते, कोणी तिला दटावले नव्हते. सारे अगदी प्रेमाने झाले होते. पोरीने मान डोलावली आणि विषय संपला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटू लागले की आपण मध्यमवर्गी माणसे पुस्तके वाचतो, सिनेमे पाहतो, खेळांच्या बातम्या चघळतो. पण त्यांतली बाई नीट निरखून पाहतो का? तेव्हापासून मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे. पुस्तक असो, चित्रपट असो वा खेळ, तीन साधे प्रश्न विचारायचे. इथे बोलते कोण? कोणाशी आणि कशाबद्दल? आणि शेवटी किंमत कोण मोजते? वाचक बंधुभगिनींनो, हे प्रश्न घेऊन मी आपल्याच कपाटातली काही पुस्तके आणि आपल्याच आवडीचे काही चित्रपट पुन्हा तपासले. त्याचीच ही हकीगत.

पहिल्यांदा पुस्तके. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा सौम्य करण्यात आली. पण वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या चालचलणुकीवर जे ताशेरे झडले, ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. १८८२ साली त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यात छापून निघाले. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. समाजाने पुस्तकावर टीकेची झोड उठवली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण नंतर ते पुस्तक विस्मृतीत गेले, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत! तब्बल ९३ वर्षे. मधल्या काळात आपल्या आज्या-पणज्या शिकल्या, वाचू लागल्या. पण हे पुस्तक बहुतेकींच्या हाती पडलेच नाही.

त्यानंतर १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते ते त्यांनी उघड लिहिले आणि महाराष्ट्रात एकच गहजब झाला. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. जे लिहिले ते खरेच होते, तरीही ते स्वतःच्या नावाने लिहिण्याची सोय नव्हती. आता पहिला प्रश्न विचारून पाहा: इथे बोलते कोण? बोलते बाईच, पण नाव झाकून.

आणि नाव झाकण्याइतकीही सवड जिला नव्हती तिचे काय? फलटणच्या बेबीताई कांबळे छोटेसे दुकान चालवीत. मालाच्या पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचीत. आपल्या महार समाजाची, त्यातल्या बायकांची कहाणी त्यांनी लिहिली ती घरच्यांपासून लपवून, आणि कित्येक वर्षे ते लिखाण तसेच दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बाहेरच्या जगाने केलेला छळ त्यांनी लिहिलाच, पण घरातल्या सुनांचे हालही झाकले नाहीत. माझ्या कपाटात विभावरीबाई कॉलेजच्या दिवसांपासून आहेत. बेबीताई मात्र सुनेने आणल्या, तेव्हा मी साठी ओलांडली होती. हा दोष पुस्तकांच्या दुकानाचा नाही, माझा आहे.

आता चित्रपटांकडे वळू. आपल्या चित्रसृष्टीची सुरुवातच मुळी बाईवाचून झाली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ! कॅमेऱ्यापुढे उभे राहायला बायकाच मिळेनात. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

पुढे १९३७ साली प्रभातचा 'कुंकू' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायलाच तयार होत नाही. शांता आपट्यांची ती ताठ मान पाहून आमच्या आईच्या पिढीतल्या बायका थिएटरात डोळे पुसत, आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसत. पण तिसरा प्रश्न इथे मला अडवतो. नीरेची सुटका होते कशी? म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो आणि तो जीव देतो, म्हणून. म्हणजे दार उघडले, पण कडी बाहेरून निघाली. त्या काळात एवढे दाखवणे हेही धाडस होते, यात शंका नाही. खरी गंमत पुढची आहे. याच शांता आपट्यांनी १९३९ साली कराराच्या वादावरून प्रभात स्टुडिओच्या दाराशी उपोषण मांडले आणि १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. पडद्यावरच्या नीरेला जे साधले नाही, ते नीरेची भूमिका करणाऱ्या बाईने रस्त्यावर बसून केले.

पंचेचाळीस वर्षांनी, १९८२ साली, जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. शांता निसळांची 'बेघर' ही कादंबरी, पटकथा तेंडुलकरांची, आणि सुलभेच्या भूमिकेत स्मिता पाटील. सुलभेला कोणी छळत नाही. घर सुशिक्षित, नवरा वकील, सासूबाई समाजकार्यात. तरीही दूरच्या महिलाश्रमात नोकरी धरली म्हणून तिची घरातली जागा हळूहळू भरून निघते, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. हा चित्रपट आम्ही दोघांनी थिएटरात पाहिला. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "मुलीला सोडून जायला नको होतं तिनं." मी 'हो' म्हटले. नोकरीसाठी वर्षानुवर्षे परगावी राहणाऱ्या बापांबद्दल असे कोणी कधी म्हटल्याचे मला त्या वेळी आठवले नाही.

दुसऱ्या प्रश्नाची कसोटी माझी नाही. अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने १९८५ साली आपल्या एका चित्रमालिकेत ती मांडली. चित्रपटात निदान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि ते बोलणे पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी हवे. अट किती साधी! पण आपल्या आवडत्या दहा चित्रपटांना ती लावून पाहा. आमच्याकडे हा खेळ रंगला तेव्हा यांचे लाडके चित्रपट एकामागून एक गळू लागले आणि हे वैतागून उठून गेले. 'उंबरठा' टिकला. २०२३ चा केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा'ही टिकला. त्यातल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, आणि तो पाहायला बायका घोळक्याघोळक्याने थिएटरात गेल्या हे आपण सगळ्यांनीच पाहिले.

मंगळागौरीचे नाव निघाले तसे खेळही आठवले. फुगडी, झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा! एरवी मान वर न करणाऱ्या सुनेला त्या एका रात्री उड्या मारायला, मोठ्याने गायला, सासूची नक्कल करायला मुभा असे. पण त्या अंगणातही विधवेला जागा नव्हती, हे गाण्यांच्या गलक्यात विसरू नये.

मुलांच्या खेळातली बाई कशी असते? ज्या १९८५ साली बेक्डेलबाईंची कसोटी निघाली, त्याच वर्षी जपानातून 'सुपर मारिओ' हा खेळ निघाला. त्यात राजकन्येला पळवून नेलेले असते आणि मारिओ तिला सोडवतो. राजकन्येने करायचे काय? वाट पाहायची. आमच्या दोन्ही मुलांनी पुढे तो खेळ तासन्‌तास खेळला. मी चहा देत असे.

आणि बुद्धिबळ? हा खेळ भारतातून इराणात गेला, तिथून अरबांबरोबर युरोपात. राजाशेजारी तोवर मंत्रीच उभा होता आणि तोही एकेकच घर तिरपा सरकणारा, अगदी दुबळा. इसवी सन १००० च्या सुमारास युरोपात त्या जागी राणी दिसू लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्ये इझाबेला राणीचा अंमल होता त्या काळात, ती पटावरचे सर्वांत बलवान मोहरे झाली. तेव्हा आजोबांचा वजीरही खरा आणि नातीची क्वीनही खरी.

पण लाकडी राणीला जागा मिळाली म्हणून हाडामांसाच्या मुलीला मिळते असे नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे उदाहरण घ्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. १९७६ साली धाकटी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. त्या वेळी रोहिणी तेरा वर्षांची होती. आमच्या नातीच्याच वयाची!

आणि आता पाहा. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उंचावला. या प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी कोणीतरी विचारले असेलच, "इतक्या लांब कुणाबरोबर पाठवायचं?" फरक एवढाच, की त्या घरांतून कोणीतरी उत्तरही दिले असेल.

आमच्या घरी ते दिले गेले नव्हते. मी शाळेच्या खो-खो संघात होते. १९६८ साली, पंधराव्या वर्षी, "आता मोठी झालीस" असे आई म्हणाली आणि खेळ सुटला. भांडण नाही, रडारड नाही. खेळाचे कपडे बोहारणीला गेले आणि बदल्यात स्टीलचे एक पातेले आले. ते माझ्या लग्नात माझ्याबरोबर सासरी आले. अजून आहे, त्यात दूध तापते.

भाऊबीजेच्या सकाळी दूध तापवताना मी मुलाला हाक मारली आणि म्हटले, "नागपूरला मी जाते तिच्याबरोबर." तो बघतच राहिला. मग म्हणाला, "आई, पण तुझे गुडघे?" मी म्हटले, "गुडघे पटावर ठेवायचे नाहीत मला." सून आतून हसली.

आता खरी अडचण पुढे आली. हे म्हणाले, "चार दिवस माझ्या जेवणाचं काय? पोळ्यांच्या बाईंना संध्याकाळीही यायला सांगू या." मी 'बरं' म्हणणारच होते, तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, मग किंमत कोण मोजणार?" माझाच प्रश्न! त्या बाईंना स्वतःचे घर आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. त्यांची संध्याकाळ आमच्या दारात अडकली तर त्या मुलीचा अभ्यास कोण घेणार? आमच्या घरातल्या एका मुलीने नागपूर गाठायचे ते दुसऱ्या घरातल्या मुलीच्या खांद्यावरून, हा कुठला न्याय?

शेवटी यांनी, वयाच्या ७५ व्या वर्षी, कुकर लावायला शिकून घेतले. डाळीत पाणी किती घालायचे ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवले. पहिल्या दिवशी भात करपला, तिसऱ्या दिवशी फोन आला, "आज वरण उत्तम झालंय. पोरीचं काय?"

पोरगी स्पर्धेत पहिली आली नाही. नऊ डावांपैकी साडेचार गुण मिळाले. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून हरलेले डाव वहीत पुन्हा मांडत होती. मधेच म्हणाली, "आजी, सहाव्या डावात मी राणी उगीच घरात बसवून ठेवली."

या पाडव्यालाही पट निघेल. हे अजून 'वजीर'च म्हणतात. म्हणोत बापडे. कुकर मात्र आता तेच लावतात.