दोरा आणि परवाना

व्यवसाय-परवान्याचे समर्थन बहुधा ग्राहकाच्या सुरक्षिततेच्या आधारे केले जाते. परंतु परवान्यासाठी सक्तीचे केलेले शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध किती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तो न्यायालयापुढे आला.

आपल्याकडील पार्लरमध्ये सर्रास होणारे थ्रेडिंग, म्हणजे पिळलेल्या सुती दोऱ्याने भुवयांचे केस काढणे, दक्षिण आशियाई स्थलांतरितांबरोबर तिकडेही रुजले. त्यात ना रसायन, ना पाते. तरीही राज्याने ते परवानाधारक सौंदर्यव्यवसायात गणले आणि ७५० तासांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. हाती असलेले कसब पुन्हा शिकण्यासाठी पदरचे पैसे व कमाईचे महिने घालवायचे, असा त्याचा अर्थ होता. काही कारागिरांना नियमभंगाच्या नोटिसा आल्या. २००९ मध्ये त्यांनी दावा लावला.

हाच तो 'पटेल' खटला. स्वच्छतेचे शिक्षण अनाठायी आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या निकालात म्हटले नाही. मात्र त्यांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंधच नसल्याने ही अट जाचक व म्हणून घटनाबाह्य ठरली. निकाल एकमताचा नव्हता. नियमांचा शहाणपणा न्यायालयाने तपासू लागणे धोक्याचे, हा अल्पमतातील आक्षेप आजही विचारात घ्यावा असा आहे.

केसांच्या वेण्या घालणाऱ्यांची परवान्यातून सुटका मात्र त्याच वर्षी विधिमंडळानेच केली.