हिराबाई बडोदेकर आणि तिकिटाचे गाणे

गाणाऱ्या स्त्रीला आमच्या समाजाने दाद पुष्कळ दिली. मान देताना मात्र हात आखडला. दाद आणि मान यांतील अंतर आमच्या व्यापारी वाचकांस फोड करून सांगण्याची गरज नाही. ज्या मालावर भाव लिहिलेला असतो तो दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडता येतो. ज्याचा भाव गिऱ्हाइकाच्या लहरीवर ठरतो त्याचा व्यवहार दिवे लागल्यावर आणि मागल्या दाराने होतो. गायनाच्या बाबतीत पुरुषांसाठी एक पेढी आणि स्त्रियांसाठी दुसरी, असा प्रकार आमच्याकडे कित्येक पिढ्या चालला. तो बंद पाडण्याचे श्रेय कोणा एका व्यक्तीस द्यावयाचे झाल्यास हिराबाई बडोदेकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांच्या गळ्याची स्तुती पुष्कळांनी केली आहे. त्यांच्या हिशेबाची स्तुती फारशी कोणी केली नाही, म्हणून हा लेख.

हिराबाईंच्या पूर्वी स्त्रीचे गाणे कोठे होत असे? एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात, लग्नमुंजीच्या मांडवात किंवा संस्थानिकाच्या दरबारात. ऐकणारे सारे पुरुष. गाणारीने अर्थाबरोबर हातवारे करावे, नजर फिरवावी, ज्याने पैसा टाकला त्याच्याकडे वळून बघावे, हा बैठकीचा रिवाज. तिला मिळे ती बिदागी. म्हणजे यजमान प्रसन्न झाला तर शालजोडी, न झाला तर पानसुपारी. या रिवाजात उत्तम विद्या असलेल्या गायिका होऊन गेल्या, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. आज ज्या ठुमऱ्या आणि चिजा आम्ही सभ्य घरांत अभिमानाने ऐकतो, त्यांतील कितीतरी गोमंतकातील कलावंतिणींनी आणि उत्तरेकडील तवायफांनी जिवंत ठेवल्या. त्यांची विद्या घेऊन त्यांना दाराबाहेर ठेवणारे आम्हीच.

हिराबाईंचा जन्म 30 मे 1905 रोजी मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खां. मातोश्री बडोद्याच्या सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई. बडोदे दरबारी असता खांसाहेबांची व ताराबाईंची गाठ पडली, आणि धर्म, जात व घराणे या तिन्ही भिंती ओलांडून दोघांनी बडोदे सोडले. मुलीचे पाळण्यातले नाव चंपाकली. पुढे दोघांचे पटेनासे झाले, ताराबाई मुलांस घेऊन वेगळ्या झाल्या, आणि मुलांची नावे बदलली. या एका घरात खां, माने, बडोदेकर आणि राणे अशी चार आडनावे नांदली. संकराच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी या घराने महाराष्ट्राच्या संगीतास काय दिले याचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. थोरले बंधू सुरेशबाबू माने हे गुरूंचे गुरू. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनी ख्याल तर गाइलाच, शिवाय बोलपटांसाठी पार्श्वगायन करणाऱ्या आरंभीच्या गायिकांत त्यांची गणना होते.

मुलीने शाळा शिकावी, गाण्याच्या नादी लागू नये, असा मातोश्रींचा कल होता असे सांगतात. तो स्वाभाविकच होता. गवयाच्या घरात राहून गाण्याची काय किंमत मोजावी लागते हे त्या बाईने पाहिले होते. पण गळा ऐकेना. प्रथम सुरेशबाबूंनी आणि नंतर त्याच घराण्याचे अब्दुल वहीद खां यांनी हिराबाईंस तालीम दिली. किराणा घराण्याचे गाणे सुरावर उभे आहे. लय घाई करीत नाही, ताना अंगावर येत नाहीत, एक एक स्वर त्याच्या जागी नीट ठेवून राग उलगडत जातो. हिराबाईंचा तार षड्ज ज्यांनी ऐकला ते त्याचे वर्णन करू लागले की शब्दांत अडखळतात. ध्वनिमुद्रिकांवरूनही त्याची थोडीफार कल्पना येते: स्वर वर जातो, आणि वर गेल्यावर तेथेच निवांत राहतो.

1921 च्या सुमारास मुंबईस विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात त्या प्रथम जाहीरपणे गाइल्या. त्यानंतरच्या दशकात त्यांनी जे केले ते त्या काळच्या मानाने धाडसच म्हटले पाहिजे. आपल्या गाण्याची जाहिरात केली, थिएटर भाड्याने घेतले, तिकिटे लावली, आणि पुरुष गवयाप्रमाणे रंगमंचावर बैठक मारून ख्याल गाइल्या. हातवारे नाहीत, मुरका नाही. अंगभर लुगडे, डोळे अर्धवट मिटलेले, आणि शेजारी तंबोरे.

कोणी म्हणेल, तिकीट लावले यात सुधारणा ती कोणती? आमच्या मते सारी सुधारणा त्या कागदाच्या चिटोऱ्यात आहे. तिकीट घेणाऱ्यास गायिकेवर उपकार केल्याची ऐट मिरवता येत नाही. पहिल्या रांगेतील शेटजींचा हक्क खुर्चीपुरता. गाण्यावर त्यांचा हक्क मागच्या बाकावरील कारकुनाइतकाच. मैफल कधी सुरू व्हावयाची आणि कधी संपावयाची ते गाणारी ठरवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेथे तिकीट घेऊन उजळ माथ्याने जाता येते तेथे घरच्या बायकाही जाऊ शकतात. ज्या गृहिणीने आजवर गाणारणीचे नाव काढताच पदर तोंडाशी नेला होता, ती आता तिच्यासमोर बसून यमन ऐकू लागली, आणि घरी येऊन मुलीस पेटी शिकवण्याची भाषा बोलू लागली. मध्यम वर्गातील मुलींच्या गायनशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने या खुर्च्यांची नोंद घ्यावी.

मात्र या प्रतिष्ठेची किंमत कोणी भरली, हेही सांगितले पाहिजे. पुरुष गवयाने दारू पिऊन बैठकीस यावे, अर्ध्यात उठून जावे, वर्षभर बेपत्ता व्हावे. आम्ही त्यास कलावंताचा विक्षिप्तपणा म्हणून कौतुकाने सांगतो. हिराबाईंस मात्र लुगड्याच्या पदरापासून बोलण्याच्या स्वरापर्यंत प्रत्येक गोष्टीत परीक्षा द्यावी लागली. त्यांची साधी राहणी स्वभावाची होती यात शंका नाही; पण ती तशी नसती तर आमच्या श्रोत्यांनी तोच तार षड्ज तितक्याच आदराने ऐकला असता काय? आम्हांस शंका आहे.

आता नाटकाकडे वळू. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस पहिला खेळ केला तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषाने करावी हा पायंडा पडला. स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या निघाल्या, पण त्यांत पुरुषांची कामेही स्त्रियांनीच करावयाची. दोघांनी एका रंगमंचावर उभे राहणे हे पाप, आणि पुरुषाने शालू नेसून लाजणे ही कला! बालगंधर्वांची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण त्या थोरवीच्या सावलीत खऱ्या स्त्रीला उभे राहण्यास जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे. अशा वेळी, 1929 च्या सुमारास, या भावंडांच्या नूतन संगीत विद्यालयाने आपली नाट्यशाखा काढली. बंधू आणि भगिनी एकत्र रंगमंचावर आले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ 1882 साली रंगभूमीवर आले होते. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर त्यातील सुभद्रा खऱ्या स्त्रीच्या गळ्याने गाऊ लागली.

कंपनी मात्र टिकली नाही. 1931 साली ‘आलम आरा’ आला, पुढल्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपटांच्या लोंढ्यात भल्याभल्या नाटक मंडळ्यांचे तंबू वाहून गेले. पडदे, पोशाख, रेल्वेचे भाडे, बिऱ्हाडास जेवणारी माणसे, हा खर्च रोजचा. उत्पन्न मात्र पावसापाण्यावर. मंडळी बुडाली आणि मागे कर्ज राहिले. दिवाळे काढून मोकळे होणारे नाटकवाले आमच्या इतिहासात थोडे नाहीत. हिराबाईंनी तसे केले नाही. गावोगाव मैफली करून त्यांनी कंपनीचे देणे फेडले. पेढी चालवणाऱ्यांस या वाक्यातील कष्टाचे वजन कळेल. ज्या स्त्रीच्या व्यवसायास ‘धंदा’ हा शब्द लोक नाक मुरडून लावीत, तिने धंद्याची पत कशी राखावी याचा असा धडा घालून दिला. बोलपटांतही त्यांनी काम केले. बाबूराव पेंटर यांच्या 1937 सालच्या ‘प्रतिभा’त त्या होत्या. पण त्यांचे मन मैफलीतच रमले. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिणेच्या प्रवासात अब्दुल करीम खां वारले.

पुढचा मानसन्मानांचा भाग वाचकांस ठाऊक आहे. 1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1970 साली पद्मभूषण. सरस्वतीबाईंबरोबर केलेल्या जुगलबंद्या. आणि 20 नोव्हेंबर 1989 रोजी निधन.

स्वराज्य आले म्हणून हा प्रश्न सुटला असे मात्र कोणी समजू नये. वल्लभभाई पटेल यांच्याकडे नभोवाणी खाते असता, ज्यांच्या खासगी आयुष्याविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांस मज्जाव करण्याचे धोरण स्वीकारले गेले. गळा तपासावयाचा सोडून चारित्र्याचा दाखला तपासावयाचा! वादकाच्या किंवा गवयाच्या खासगी आयुष्याची अशी चौकशी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याच नभोवाणीत पुढे सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या शिष्या प्रभा अत्रे अधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या घेतल्या होत्या, पुढे संगीतात डॉक्टरेट मिळवली, आणि मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. 2022 साली त्यांस पद्मविभूषण मिळाले, आणि जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या, तोवर त्यांचे गाणे चालू होते.