‘सत्यम’ची दोन वर्षे : कोऱ्या ताळेबंदापासून सुरुवात

एखाद्या कंपनीच्या ताळेबंदातील रोकड प्रत्यक्षात नाहीच, असे उघड झाले तर ती कंपनी बंद पडते, असाच सर्वसाधारण समज आहे. हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’च्या बाबतीत मात्र तसे घडले नाही.

७ जानेवारी २००९ रोजी संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून गैरव्यवहाराची कबुली दिली. पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ६४९ कोटींचा कार्यकारी नफा दाखवला होता. पत्रानुसार खरा आकडा ६१ कोटी होता. नफ्यातील लहानशी तफावत वर्षागणिक वाढत गेली. प्रवर्तकांची भागीदारी अल्प असल्याने, कामगिरी खालावल्यास कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल ही भीती होती, असेही राजू यांनी लिहिले. डिसेंबर २००८ मध्ये त्यांच्या कुटुंबाशी संबंधित ‘मेटास’ या बांधकाम कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला गेला, तो कागदावरच्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्यासाठी. संगणक प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीला जमिनी आणि इमारती कशाला हव्यात, हा भागधारकांचा प्रश्न रास्तच होता. त्यांच्या संतापापुढे तो व्यवहार काही तासांतच मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी सुशासनाबद्दल या कंपनीला पुरस्कार मिळाला होता, हेही नोंदवायला हवे.

केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख यांच्यासह सहा जणांची नियुक्ती केली. या मंडळापुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता : सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांचे पगार कसे द्यायचे? सरकारी तिजोरीतून मदत मिळाली नाही. बँकांकडून कर्ज उभारावे लागले. एक गोष्ट मात्र जमेची होती. ताळेबंद खोटा असला तरी ग्राहकांसाठी होणारे काम खरे होते. त्यामुळे ग्राहक टिकवणे आणि हिशेब नव्याने लिहिणे, याच दोन कामांवर मंडळाने भर दिला.

कंपनीसाठी खरेदीदार शोधताना विश्वासार्ह हिशेब हाताशी नव्हते, आणि ही बाब बोली लावणाऱ्यांपासून लपवली गेली नाही. माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांच्या देखरेखीखाली प्रक्रिया पार पडली. १३ एप्रिल २००९ रोजी ‘टेक महिंद्रा’ने समभागामागे ५८ रुपयांची बोली लावून ३१ टक्के हिस्सा मिळवला. यातील सुमारे १,७५७ कोटी रुपये नव्या समभागांपोटी थेट कंपनीत आले. जुन्या प्रवर्तकांच्या हाती त्यातले काही गेले नाही.

खरे सांगण्याची किंमत मोठी होती. काम नसलेल्या हजारो कर्मचाऱ्यांना केवळ मूळ वेतनावर राखीव गटात ठेवण्यात आले. ज्यांचा गैरव्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनाच त्याची झळ आधी बसली. सुधारित हिशेब जाहीर व्हायला सप्टेंबर २०१० उजाडले. त्यात २००८-०९ चा तोटा ८ हजार कोटींहून अधिक, तर पुढील वर्षाचा सुमारे १२५ कोटी रुपये निघाला. अमेरिकी पद्धतीचे हिशेब मुदतीत पूर्ण न झाल्याने न्यूयॉर्क शेअर बाजारातून कंपनीला बाहेर पडावे लागले. घाईघाईने कच्चे आकडे सादर करण्यापेक्षा ही नामुष्की पत्करणे शहाणपणाचे होते. तेथील भागधारकांशी २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलरची तडजोड झाली.

या प्रकरणानंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मुदतीनंतर लेखापरीक्षक बदलणे अनेक कंपन्यांना बंधनकारक केले आणि भागधारकांना सामूहिक दावा दाखल करण्याचा अधिकार दिला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले. पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती मिळून त्यांना जामीन झाला. ‘महिंद्रा सत्यम’ या नावाने चार वर्षे चाललेली कंपनी जून २०१३ मध्येच पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘टेक महिंद्रा’त विलीन झाली होती.