रमजानचे उरलेले तेल, बकरीदचा साबण

रमजान संपला की कढईतल्या तेलाचा प्रश्न उरतो. महिनाभर भजी, समोसे, पुऱ्या तळून काळपट झालेले तेल कुणी फोडणीला वापरते, कुणी मोरीत ओतते. मोरीत ओतले तर ते पाइपाला चिकटते आणि नाली तुंबते. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल पोटात जाणे तर त्याहून वाईट. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून हॉटेलवाल्यांना याची मर्यादाच घालून दिली आहे: तळणाच्या तेलातले घातक घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. घरात मोजायचे यंत्र नसते, पण तेल काळे, दाट झाले आणि लवकर धूर सोडू लागले की ते ताटात नको. त्याचा कपडे धुण्याचा साबण मात्र चांगला होतो.

अरबीत साबून, उर्दूत साबुन आणि मराठीत साबण. शब्द एकच आणि कृतीही एकच: तेल किंवा चरबी आणि तिला फोडणारा खार. पॅलेस्टाईनमधील नाब्लुस आणि सीरियातील हलब (अलेप्पो) या शहरांत जैतूनच्या तेलाचा साबण शतकानुशतके बनत आला आहे. 2024 साली युनेस्कोने या दोन्ही परंपरांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपला मुलूखही यात मागे नव्हता. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिले. त्यात वऱ्हाड सुभ्यातील लोणारजवळ काच आणि साबण बनवण्याचे सारे सामान मिळते, अशी नोंद आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरातला खार त्या काळीही प्रसिद्ध होता.

आज त्या खाराची जागा कॉस्टिक सोड्याने घेतली आहे. प्रमाण असे: गाळलेले जुने तेल (सोयाबीन, सूर्यफूल, करडई किंवा शेंगदाणा) 700 ग्रॅम, खोबरेल तेल 300 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 142 ग्रॅम आणि पाणी 350 ग्रॅम. खोबरेलामुळे वडी कडक होते आणि फेस येतो. सगळे, अगदी पाणीसुद्धा, वजनकाट्यावर तोलून घ्यावे. वाटी-चमच्याचा अंदाज येथे चालत नाही. सोडा जास्त झाला तर साबण हात सोलतो, कमी झाला तर वडी तेलकट राहते. या प्रमाणात सगळा सोडा तेलात खपतो आणि थोडेसे तेल मागे उरते, ते हातांसाठी बरे.

सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. ते उसळून अंगावर येते. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करावे. सोडा पडताच पाणी आपोआप तापते आणि घशाला झोंबणारी वाफ निघते. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे घ्यावे. अॅल्युमिनियमचे पातेले सोडा खाऊन टाकतो. मिश्रण आणि तेल दोन्ही कोमट झाले की सोड्याचे पाणी तेलात बारीक धारेने सोडून सतत ढवळावे. हाताने ढवळताना पाऊण-एक तासही लागतो. ते पिठल्यासारखे दाटले आणि चमच्याची रेघ वर टिकली की साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापाव्यात आणि किमान 4 आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात.

घरात लहान मुले असतील तर सोड्याचा डबा कुलपातच हवा. सोड्याचे पाणी साध्या पाण्यासारखेच दिसते, म्हणून ते पाण्याच्या बाटलीत किंवा पेल्यात कधीच ठेवू नये. अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याखाली 15-20 मिनिटे धुवावे; लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नये. मुलाने चुकून गिळले तर उलटी करवू नये. तोंड धुऊन लगेच दवाखाना गाठावा. अंबाजोगाईकरांना स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गावातच आहे.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यात साबण फुटतो आणि कपड्यावर पांढरी मळी बसते. त्यासाठी बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. साबण बनवताना पावसाचे किंवा आरओचे पाणी घ्यावे.

बाजारच्या साबणात कुठली चरबी असेल, ही शंका अनेक घरांत असते. नापाक तेलाचा साबण झाला की मूळ वस्तूच बदलते, याला इस्तिहाला म्हणतात. हनफी उलेमांचा फतवा तो साबण पाक मानण्याचा आहे. कोकणातल्या शाफई घरांत हे मान्य नाही. आपल्याच कढईतल्या तेलाच्या साबणाबद्दल हा प्रश्न उठतच नाही. कुर्बानीची चरबी वापरून साबण केला तर तो घरापुरताच ठेवावा. कुर्बानीचा कोणताही भाग विकून पैसा स्वतःसाठी ठेवता येत नाही.

हिशेबाचेही सांगायला हवे. विकतचे नवे तेल घालून केलेला साबण स्वस्त पडत नाही. फायदा आहे तो वाया जाणाऱ्या तेलाचा. ईदुल फित्रनंतर लगेच वड्या पाडल्या तर बकरीदपर्यंत दोन महिने मिळतात आणि साबण नेमका गरजेच्या वेळी तयार असतो. कुर्बानीच्या दिवशीचे कपडे आधी थंड पाण्यात भिजवावेत, गरम पाण्याने रक्त घट्ट बसते. मग साबण चोळून स्वच्छ पाण्यात खळबळून पिळावे. साबणाचे काम मळ सोडवण्याचे आहे, कपडा पाक होतो तो पाण्याने. रक्त निघून गेल्यावर फिकट डाग राहिलाच आणि तो सहज जात नसेल, तर त्या कपड्यावर नमाज होते. त्यासाठी कपडा फाटेपर्यंत घासायची गरज नाही.