चौकोन, प्रश्नचिन्ह की अगम्य अक्षरं? नोटपॅडची खालची पट्टी काय सांगते



रेवदंड्याच्या एका ताईंनी मध्यंतरी त्यांच्या होमस्टेची पाहुण्यांची यादी दाखवली. तीन सीझनची नावं, फोन नंबर, कोणाला मासे चालतात, कोणाला नाही, सगळं मराठीत. फाइल उघडली तर फोन नंबर जागच्या जागी आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. "सर, फॉन्ट बदलून द्या ना," ताई म्हणाल्या. पण तो फॉन्टचा आजार नव्हताच.

मराठी किंवा ₹ बिघडलेलं दिसलं की आपण सरसकट "फॉन्ट गेला" म्हणतो. खरं तर आजार तीन आहेत आणि औषधंही तीन. निदानासाठी नोटपॅडची सगळ्यात खालची पट्टी, म्हणजे स्टेटस बार, बघायची. दिसत नसेल तर 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'स्टेटस बार' चालू करा. उजव्या टोकाला 'यूटीएफ-८' किंवा 'एएनएसआय' असं लिहिलेलं असतं. अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत, ते यावरून कळतं. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून ही माहिती पट्टीत दिसते.

१. रिकामे चौकोन: फॉन्टचा प्रश्न

मजकूर शाबूत असतो, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये ते चिन्ह नसतं. ₹ चंच बघा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं हे डिझाइन सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून?

खात्री करायची तर चौकोन कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. तिथे नीट दिसला तर फॉन्ट बदला: निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी. तुमची वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या एडिटरमध्ये खालच्या पट्टीतले बाण आणि चित्रं चौकोन झाली असतील, तर तोही हाच आजार. ती चिन्हं युनिकोडने खासगी वापरासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत बसवलेली असतात, साध्या फॉन्टमध्ये नसतात. त्याने 'नर्ड फॉन्ट' टाकावा. आणि एडिटर टर्मिनलमध्ये चालत असेल तर फॉन्ट टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बदलावा, कारण अक्षरं टर्मिनल काढतं.

२. अगम्य अक्षरं: वाचण्यातली चूक

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि मराठीऐवजी टोपी घातलेली रोमन अक्षरं आली? घाबरू नका, आणि सेव्ह करू नका. यूटीएफ-८ मध्ये मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एक्सेल त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजतं, म्हणून मजकूर लांबलचक दिसतो.

फाइल तशीच बंद करून नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट आणि खाली 'यूटीएफ-८' दिसलं, तर माल सुरक्षित आहे. 'सेव्ह अ‍ॅज' करताना 'एन्कोडिंग'मध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडा. मग एक्सेलला ओळख पटते.

३. प्रश्नचिन्हं: माल गेला

ताईंचं हेच झालं होतं. एक्सेलमधून यादी साध्या 'सीएसव्ही' प्रकारात सेव्ह केली. त्या जुन्या पद्धतीत मराठीला आणि ₹ ला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. इंग्रजी आकडे तेवढे वाचले. आता पट्टीत काहीही दिसो, कुठलाही फॉन्ट लावा, नावं परत येत नाहीत. उपाय एकच, मूळ फाइल शोधा. ताईंना जुन्या पेनड्राइव्हवर दोन सीझनची यादी मिळाली. तिसऱ्या सीझनची नावं व्हॉट्सअ‍ॅपच्या बुकिंगवरून पुन्हा लिहावी लागली.

पुढच्या वेळी एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. एक्सेल किंवा नोटपॅडने "काही अक्षरं जातील" अशी सूचना दिली तर 'ओके' दाबून पुढे जाऊ नका.

एक अपवाद सांगतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर नोटपॅडमध्ये विचित्र इंग्रजी दिसतो. तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो.

लक्षात ठेवा: चौकोन दिसला, फॉन्ट बदला. अगम्य दिसलं, सेव्ह न करता बंद करा. प्रश्नचिन्ह दिसलं, मूळ फाइल शोधा.

आज एक काम करा. तुमची गिऱ्हाइकांची यादी नोटपॅडमध्ये उघडा आणि खालची पट्टी बघा. 'एएनएसआय' दिसलं तर यादीची मूळ एक्सेल फाइल कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. सीझनच्या गर्दीत शोधायला वेळ मिळत नाही.