तळ्यांतील मासे, स्वयंपाकघरांतील लसूण आणि आपलीं औषधें
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या हिवाळ्यांतील गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, ढिवर समाजांतला, भल्या पहाटें माझ्या दारीं आला. पानांत गुंडाळलेला एक रोहू मासा त्यानें ओट्यावर ठेविला. माशाच्या पोटावर तांबडे व्रण पडले होते व खवले निघाले होते. "गुरुजी, तलावांत रोज पांच-दहा मासोळ्या मरून राहिल्या. ह्या गोळ्या मिळाल्या आहेत. पाण्यांत टाकूं काय?" गोळ्या माणसांच्याच होत्या, प्रतिजैविकें, म्हणजे पेनिसिलिनच्या वर्गांतलीं औषधें. मीं त्याला थांबविलें. कां थांबविलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रानाच्या कडेला जुने तलाव पुष्कळ आहेत. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं ते बांधिले. १९५१ सालीं मालगुजारी संपली, आणि 'माजी मालगुजारी' तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणूं लागले. त्यांत रोहू, कतला, मृगळ हे मासे वाढवितात. एरोमोनास नांवाचा जंतु अशा पाण्यांत नेहमींच असतो. मासे दाटीनें कोंबले, पालापाचोळा कुजला, पाण्यांतील प्राणवायु कमी झाला, कीं मासे अशक्त होतात व तो जंतु बळावतो. माणसाच्या जखमेंतही तो शिरूं शकतो.

मग गोळ्या कां टाकूं नयेत? आजारी मासा खात नाहीं. औषध पाण्यांत व चिखलांत जातें. तेथें त्याच्या अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि औषध पचविण्याची ही विद्या ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊं शकतात. अशानें आपल्या उपयोगाचें औषध निकामी होण्याचा धोका वाढतो.

तें औषध किती मोलाचें, हें गडचिरोलीनेंच दाखविलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ ते १९९८ या काळांत ३९ खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरींच काळजी घेण्यास शिकविलें. जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच या स्त्रिया अर्भकाला दोन साधीं प्रतिजैविकें देत. इतर काळजीबरोबर हे उपचार मिळाल्यानें तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालमृत्यु, तुलनेच्या गांवांशीं ताडून पाहतां, सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले. जें औषध झोपडींतलें मूल वाचवितें, तें चिखलांत ओतणें परवडणारें नाहीं.

मग माशांसाठीं काय करावें? येथें वनस्पति कामास येतात. लसणाची अख्खी पाकळी जवळजवळ निर्गंध असते. ती ठेचली कीं तिच्यांतील दोन पदार्थ एकत्र येऊन 'ॲलिसिन' तयार होतें. शास्त्रज्ञांना तें १९४४ सालीं वेगळें काढतां आलें. तें जंतुनाशक आहे. पण उष्णतेनें लवकर नासतें, म्हणून फोडणींतल्या लसणापासून ती आशा धरूं नये. लसूण व हळद खाद्यांत मिसळून रोहू माशांवर आपल्या देशांत प्रयोग झाले आहेत. त्यांत माशांची रोगप्रतिकारशक्ति वाढलेली दिसली.

दुसरी गंमत अशी, कीं जंतु आपसांत रासायनिक खुणा करतात. संख्या पुरेशी झाल्याची खूण पटली, कीं मगच त्यांतले कित्येक आपलें विष सोडतात. चोरांची टोळी जमल्यावर दरोडा पडावा तसें. लसूण व हळद यांतील कांहीं द्रव्यें ही खूणच बिघडवितात, असें प्रयोगशाळेंत आढळलें आहे. जंतु मरत नाहीं, पण बिनकामाचा होतो.

मात्र 'झाडपाल्याचें तें निरुपद्रवी' असें समजूं नका. आमच्याच रानांतील मोहाच्या बियांची पेंड पाण्यांत टाकली, तर मासे मरतात. म्हणूनच नवें बीज सोडण्यापूर्वीं नको असलेले मासे काढण्यास ती वापरतात. दोन-तीन आठवड्यांनीं विष ओसरलें, कीं तिचेंच खत होतें. तशीच हळद. तिच्यांतील मुख्य द्रव्य पोटांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. तापानें फणफणलेल्या तान्ह्या मुलाला हळदीवर ठेवून वेळ दवडणें, हा घात आहे.

विद्यार्थ्याला घेऊन मी मत्स्यव्यवसाय कार्यालयांत गेलों. मेलेले मासे काढून पुरले, दाटी कमी केली, सांगितलेल्या मापानें चुना टाकला आणि कोंडा-पेंडींत ठेचलेला लसूण मिसळला. महिन्याभरांत मर थांबली. श्रेय चुन्याचें कीं लसणाचें, तें मला सांगतां यावयाचें नाहीं. गोळ्यांची पुडी मात्र न फोडतां राहिली.

श्रोतेहो, आपल्याही कपाटांत अशा उरलेल्या गोळ्या असतील. त्या मनानें घेऊं नका, शेजाऱ्याला देऊं नका, मोरींत टाकूं नका. आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध सांगितल्याप्रमाणें पुरें करा.